फिरत्या कपाटापलीकडची ओब्दुलिया

तोलेदोत पन्नास वर्षं राहून तोलेदो न पाहिलेली बाई आहे असं मी सांगितलं, तर तुम्ही मला वेड्यात काढाल. लोक कुठून कुठून विमानानं स्पेनला येतात, सकाळी येऊन संध्याकाळपर्यंत सगळं गाव पायाखाली घालतात. आणि सिस्टर कासिल्दा इथेच, कॅथेड्रलच्या घंटेच्या टप्प्यात, उंच भिंतीआड जन्म काढून बसलेली. ला मांचातल्या एका खेड्यातून आली तेव्हा पोरसवदा होती, केशराची फुलं खुडून बोटं पिवळी झालेली. मागे दार लागलं ते लागलं. पुढे दाताच्या डॉक्टरकडे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आणि मत द्यायला तेवढी बाहेर पडली, तीही टॅक्सीत, दुसऱ्या सिस्टरच्या दंडाला धरून, नजर खाली घालून. गाव म्हणजे तिच्या लेखी टॅक्सीच्या काचेतून दिसणारी दगडी जमीन.

आता मठच बंद होत होता. नव्या मुली येईनात, जुन्या एकेक करून मागच्या अंगणात मातीखाली गेल्या, उरल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांना दूर उत्तरेला, समुद्राकाठच्या एका मठात हलवायचं ठरलं. संध्याकाळी सहाला गाडी येणार होती. सामान बांधून झालं होतं आणि बांधायला होतं तरी काय.

सकाळची प्रार्थना झाल्यावर कासिल्दा थोरल्या मदर हेनोव्हेव्हापुढे जाऊन उभी राहिली. ही मदर म्हणजे तोंडानं कडक आणि आतून लोणी.

"मदर, मला आजचा दिवस बाहेर जायचंय. एकटीला."

"पन्नास वर्षं गप्प होतीस, आणि आज गाडीच्या दिवशी पाय फुटले होय तुला? कुठे जायचंय?"

"ओब्दुलियाला बघायला."

मदरनं चष्मा काढून पुसला. ओब्दुलिया कोण हे तिनं विचारलं नाही. मठात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणालाच ठाऊक नाही असं सगळ्या दाखवत. शेवटी मदर म्हणाली, "जा. वाटेत गाव पण बघून घे, तिकडे लोक विचारतील. आणि सहाला इथे नसलीस तर मी थांबायची नाही, सांगून ठेवते." मग स्वतःच्या अंगावरची जाड लोकरीची शाल काढून तिनं कासिल्दाच्या खांद्यावर टाकली. नोव्हेंबर लागला होता आणि नदीवरून बोचरं वारं येत होतं.

आता ओब्दुलिया कोण ते सांगतो. आमच्याकडच्या बंद मठांतल्या बायका मिठाई करून विकतात हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बदाम वाटायचे, साखरेत घोटायचे, भट्टीत भाजायचे. पण विकणारीचं तोंड कोणी पाहायचं नाही. दारातून आत गेलात की भिंतीत एक लाकडी कपाट असतं, पिंपासारखं गोल, आपल्या जागी फिरणारं. तुम्ही घंटी वाजवायची आणि म्हणायचं, "नमो मरिये, निष्कलंके." आधी बाहेरच्यानं बोलायचं, मग आतून उत्तर येतं. आतलीनं आपणहून कधी तोंड उघडायचं नाही, असा नेम. तुम्ही पैसे कपाटात ठेवता, कपाट फिरतं, पैसे आत जातात, मिठाईचा डबा बाहेर येतो. फळीच्या पलीकडे बाई आहे की देवदूत, तुम्हाला कळायचं कारण नाही.

त्या फळीच्या आतल्या बाजूला कासिल्दा बसायची. आणि दर शनिवारी, दुपारच्या जेवणाआधी, बाहेरच्या बाजूला ओब्दुलिया यायची.

पहिल्या दिवशी ती मिठाईसाठीच आली असेल. पुढे मिठाई निमित्ताला उरली. बाईच्या तोंडाला पट्टा नव्हता. आवाज असा भरदार की कपाटाच्या फळ्या थरथरायच्या. देवाचं नाव घेऊन झालं की लगेच सुरू: "काय गं सिस्टर, अजून नेलं नाही वाटतं तुला देवानं?"

"तुझ्याआधी कशाला नेईल? तुझी बडबड ऐकायला खाली कोणी नको?"

"माझा म्हातारा काल भाचीच्या लग्नाला दात घरी विसरून गेला. सगळे मटण ओरपतायत आणि हा बसलाय पावाचा मऊ भाग शोधत. मी म्हटलं, इहिनियो, चाव मला, तेवढं तरी जमतंय का बघ."

आत कासिल्दा शालीचा बोळा तोंडात धरून हसायची. इहिनियो पोलादावर सोन्याची तार ठोकणारा कारागीर होता. तो वारला त्या आठवड्यातही ओब्दुलिया आली. नेमाचं वाक्य म्हणाली आणि पुढे काहीच बोलली नाही. कासिल्दाही बोलली नाही. दोघी फळीच्या दोन्ही अंगांना बराच वेळ बसून राहिल्या, मग ओब्दुलिया उठून गेली. त्या दिवशी डबा न्यायचीही ती विसरली. अशी तीसेक वर्षं गेली. एकमेकींचं तोंड दोघींनी कधी पाहिलं नाही.

आणि दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. कासिल्दा घंटीकडे कान लावून बसायची. घंटी वाजली की ती पुढे सरकायची, आणि परका आवाज ऐकू आला की चेहरा उतरायचा. बाईचं आडनाव माहीत नव्हतं, पत्ता माहीत नव्हता. असं तीस वर्षांत कसं विचारलं नाही, म्हणाल. पण दर शनिवारी येणाऱ्या माणसाला पत्ता कशाला विचारायचा?

खरा घोर वेगळाच होता. आमच्यात जिवंतांसाठी प्रार्थना वेगळी आणि गेलेल्यांसाठी वेगळी. पहिलं वर्ष कासिल्दानं ओब्दुलियाला जिवंतांत ठेवलं. मग मनात पाल चुकचुकायला लागली, की बाई मेली असली, वर आपल्या प्रार्थनेसाठी ताटकळत असली आणि आपण तिच्या संधिवातासाठी देवाला साकडं घालत बसलो तर? रडत रडत तिनं ओब्दुलियाला मेलेल्यांत धाडली. तेव्हापासून एक रात्र तिला धड झोप नव्हती. ती आहे की नाही एवढं कळावं, आणि असेल तर एकदा तिचं तोंड बघावं, म्हणून ही सत्तरीची बाई मिठाईचा डबा काखेत मारून रस्त्यावर उतरली.

तिच्याकडे मदरनं दिलेला प्रवाशांचा नकाशा होता. त्याची तिनं घडीसुद्धा उलगडली नाही. ओब्दुलियाच्या बोलण्यातून जमलेलं गाव तिच्या डोक्यात होतं. माझ्या खिडकीखाली सुऱ्यांना धार लावणारा बसतो, सकाळी सकाळी दात आंबवतो मेला. बेकरीच्या भट्टीची भिंत माझ्या खोलीला लागून आहे, थंडीत फुकटची शेकोटी. समोरच्या बाईला मीठ हवं तर मी खिडकीतून हातात देते, एवढी गल्ली अरुंद. आणि उतार असा की हातातून संत्रं सुटलं तर ते थेट नदीत. कासिल्दाला वाटलं, एवढ्या खुणा असल्यावर शेंबडं पोरसुद्धा घर शोधेल.

पण आमचं गाव तुम्हाला ठाऊक आहे. इथे सगळ्याच गल्ल्या अरुंद आणि सगळेच उतार नदीकडे. अर्ध्या तासात ती दोनदा त्याच कमानीखाली येऊन पोचली. दगडी फरशीवर तिचे गुळगुळीत तळांचे जोडे घसरत होते, भिंतीला हात लावत ती चालत होती. एका चौकात शाळेची मुलं लाकडी तलवारी घेऊन एकमेकांच्या अंगावर धावत होती. दोन परदेशी बायकांनी तिला उभं करून तिच्याबरोबर फोटो काढला आणि ती काय बोलते ते न ऐकताच गेल्या. कॅथेड्रलच्या दारासमोरून ती गेली. घंटा वाजली तशी तिनं मान वर केली, आणि एवढं उंच काहीतरी रोज आपल्या डोक्यावर वाजत होतं हे बघून तिला क्षणभर भीतीच वाटली. पण ती थांबली नाही. ओब्दुलिया आत नव्हती ना.

धार लावणारा सापडला. म्हणजे तो नाही, त्याची जागा सापडली. तिथे आता चिनी मातीच्या बशा आणि चकचकीत तलवारी विकायचं दुकान होतं. दुकानातली मुलगी मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "धारवाला? माझ्या मावशीच्या वेळी होता म्हणतात. असे तीन-चार होते पण, कुठला हवाय तुम्हाला?"

"ज्याच्यावर ओब्दुलिया राहते तो. उंच, धिप्पाड बाई. मोठ्या आवाजाची."

"उंच आणि धिप्पाड इथे कोणी नाही, सिस्टर. इथे कोणीच नाही. वर सगळ्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या खोल्या आहेत. राहणारी माणसं केव्हाच नदीपलीकडच्या नव्या वस्तीत गेली, तिकडे लिफ्ट आहे."

तिनं आणखी दोन गल्ल्या पालथ्या घातल्या. एक बंद बेकरी सापडली, तिच्या शेजारच्या दाराला कुलूप आणि कुलपाशेजारी पाहुण्यांसाठी किल्ली ठेवायची, आकडे फिरवून उघडायची डबी. दारंच्या दारं तशी. खानावळीतल्या माणसाला विचारलं, फुलवालीला विचारलं, कॅथेड्रलची पायरी झाडणाऱ्याला विचारलं. सगळ्यांना ती तेच सांगायची: उंच, धिप्पाड, चालली की जिना वाजेल अशी. आवाजावरून तिनं मनात बाई उभी केली होती, ती तशी होती. कोणी मान हलवायचं, कोणी खांदे उडवायचं. खानावळीतल्यानं तिला बळंच बसवून लसणाचं कढत सूप पाजलं आणि पैसे घेतले नाहीत. ते पिताना तिला रडू आलं. दुपार कलली होती. आणि एवढ्या मोठ्या आवाजाचं माणूस एवढ्याशा गावात कोणाला माहीत नसेल, तर त्याचा अर्थ एकच होतो, असं तिला वाटत होतं.

खालच्या अंगाला एका वळणावर लॉटरीच्या तिकिटांची टपरी आहे. तिथे बेनिग्नो बसतो. जन्मापासून आंधळा, पण गावात कोण कधी आलं, कोणाचं कोणाशी बिनसलं, हे त्याच्याइतकं डोळसांना माहीत नसतं. कासिल्दा टपरीच्या कडेला टेकली होती, दम घ्यायला.

"तिकीट हवंय की नुसताच आडोसा?" बेनिग्नोनं विचारलं.

"मी मठातली आहे, बाबा. तिकिटाचं काय करू?"

"देवाला मध्ये घातलंत तर लागेलसुद्धा. मला निम्मे द्या म्हणजे झालं." मग कान टवकारून तो म्हणाला, "तुम्ही मिठाईवाल्या मठातल्या. फिरत्या कपाटामागच्या. नाताळात मी येतो."

कासिल्दानंही त्याला ओळखलं. त्याच्या तोंडाकडे बघून नाही, आवाजावरून. "दोन डबे नेतोस. आणि एकाचं झाकण तिथेच उघडतोस, मला ऐकू येतं."

बेनिग्नो हसला. त्याच्या त्या हसण्यानं तिला धीर आला आणि तिनं पुन्हा एकदा, शेवटचं म्हणून, विचारलं. ओब्दुलिया. उंच, धिप्पाड.

"ओब्दुलिया? उंच?" बेनिग्नो म्हणाला. "कोणी सांगितलं तुम्हाला? तिचा आवाज माझ्या खिडकीच्या खालून यायचा. तिकीट घ्यायला ती टाचा उंच करायची, मला तिच्या जोड्यांची करकर ऐकू यायची. एवढीशी बाई आहे, पंचविशीतल्या पोराच्या कोपराला लागेल."

कपाटातून येणाऱ्या आवाजाला उंची नसते. हे कासिल्दाच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. दिवसभर ती गावाला एक नसलेली बाई विचारत फिरली होती. पण तिच्या कानात त्याचा एकच शब्द राहिला होता.

"आहे म्हणालास तू. आहे?"

"आहे की. पुढची निळी चौकट म्हणतात ती, पहिला मजला. मुलगी नीव्हेस बघते तिचं." इतका वेळ घडाघडा बोलणारा बेनिग्नो जरा अडखळला. "जा तुम्ही. पण आता ती माझ्याकडे येत नाही, सिस्टर. तुम्ही गेलात की कळेल."

तिचा जीव भांड्यात पडला आणि लगेच दुसऱ्या विचारानं तो वर आला. जिवंत बाईला आपण वर्षभर मेलेल्यांत लोटलं. ती तशीच टपरीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "देवा, मला माफ कर, मला धीर नव्हता."

नीव्हेस पन्नाशीची, थकलेली, हाताला कांद्याचा वास. दारात सिस्टरला बघून तिच्या कपाळाला आठी पडली. "आईसाठी प्रार्थना करायला आलात ना? मागच्या महिन्यातही चर्चमधल्या दोघी आल्या होत्या. तिला आवडत नाही, आधीच सांगते. ती बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली."

"वाचा गेली," कासिल्दा म्हणाली.

"ऐकू येतं. कळतं सगळं. पण शनिवार आला की जीव नकोसा करते. कोट ओढते, दाराकडे हात करते. आधी वाटलं मिस्साच्या प्रार्थनेला जायचंय, कॅथेड्रलमध्ये नेलं, तिथे रडली. मग म्हटलं, ती मठातली मिठाई आणायची दर शनिवारी, ती हवी असेल. बाजारातून आणून दिली तर डबा फेकला माझ्या अंगावर. मी तरी काय करू, सांगा. मला नोकरी आहे."

तीस वर्षं आई शनिवारी कुठे जाते हे लेकीला माहीत होतं, आणि कोणाकडे जाते हे माहीत नव्हतं.

ओब्दुलिया खिडकीपाशी खुर्चीत होती. खुर्चीत काय, खुर्चीच्या एका कोपऱ्यात. चिमणीएवढी बाई, पांढरे केस बारीक कापलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. डोळे तेवढे जागे. तिनं येणारीचा झगा बघितला, डोक्यावरचं काळं कापड बघितलं, आणि डाव्या हातानं जा म्हणून खूण केली. मग मान खिडकीकडे वळवली.

हीच का ती? हे तोंड कासिल्दाला सर्वस्वी परकं होतं. त्यात ओळखीचं काही नव्हतं, आणि जो आवाज तिला ओळखता आला असता तो आता नव्हता. ती समोरच्या स्टुलावर बसली. बसल्या बसल्या ती वाट बघत होती. कशाची, हे तिला बऱ्याच वेळानं उमगलं. समोरचीनं आधी बोलावं, मग आपण उत्तर द्यावं, याची. जन्मभर अंगवळणी पडलेला नेम तिथेही तिचं तोंड दाबून बसला होता. नीव्हेस दारात उभी राहून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. साडेचार होऊन गेले होते.

आता आपण आत नाही, बाहेर आहोत, असं कासिल्दानं मनाशी म्हटलं. बाहेरचीनं बोलायचं असतं.

"नमो मरिये, निष्कलंके," ती म्हणाली. आवाज चिरकला. तिनं पुन्हा म्हटलं. मग म्हणाली, "काय गं, नेलं नाही वाटतं तुला देवानं अजून?"

ओब्दुलियाची मान वळली. तिनं कासिल्दाकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, म्हातारी, वाकलेली, दाताची फट असलेली. तिच्या नजरेत नुसता गोंधळ होता. आणि मग तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

कासिल्दाला वाटलं, आपलं तोंड हिला नको आहे. एवढं गाव तुडवून आले, आणि ही डोळे मिटते. तरी ती बोलत राहिली, कारण आता न बोलण्यात काही राहिलं नव्हतं. आणि बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं की ओब्दुलियाची मान किंचित पुढे आली आहे, कान तिच्या बाजूला केलेला आहे, आणि मिटलेल्या पापण्यांखालून पाणी गालावर उतरतंय. ती तिला नाकारत नव्हती. ती तिला ओळखत होती. जशी ओळखायला शिकली होती तशीच.

"आई," नीव्हेस पुढे धावली. ओब्दुलियानं डाव्या हातानं तिला मागे सारलं. ऐकू दे, असं ते सारणं होतं.

मग कासिल्दानं सगळं सांगितलं. तीस वर्षं ओब्दुलियाच बोलायची, हिनं ऐकायचं. आता उलटं झालं. केशराची फुलं खुडायला पहाटे थंडीत जायचे ते सांगितलं. वडील दार लावून बसले आणि निरोप द्यायला बाहेर आले नाहीत ते सांगितलं. मठातल्या पहिल्या वर्षी रोज रात्री घरी पळून जायचा विचार यायचा, आणि पुढेही कधी कधी यायचा, तेव्हा शनिवार किती लांब आहे ते मोजत राहायची, तेही सांगितलं. "तुला वर्षभर मेलेल्यांत घातलं होतं गं मी," ती म्हणाली. "मला शिव्या दे." ओब्दुलियाच्या ओढलेल्या तोंडातून एक आवाज निघाला. नीव्हेसनं दोन वर्षांत आईला हसताना ऐकलं नव्हतं, त्यामुळे ते हसणं आहे हे तिला लवकर कळलंच नाही. कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि तिथून बराच वेळ आली नाही.

बाहेर दिवे लागले. जायला हवं होतं. कासिल्दानं दिवसभर काखेत सांभाळलेला मिठाईचा डबा ओब्दुलियाच्या मांडीवर ठेवला.

"ओब्दुलिया, मी चालले. मठ मोडला. आज संध्याकाळी उत्तरेला नेतायत आम्हाला, लांब आहे. परत येणं नाही." तिनं ओब्दुलियाचा जिवंत हात हातात घेतला. तो गरम होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं तो धरला होता. "मी तुझं तोंड बघायला आले होते. ते बघितलं. आता तू माझं बघ. एकदा डोळे उघड. आता मी दिसते ती अशीच आहे, दुसरी कोणी नाही."

ओब्दुलियानं डोळे उघडले नाहीत. तिनं हात सोडवून घेतला आणि चाचपडत कासिल्दाच्या तोंडावर ठेवला. कपाळ, नाक, सुरकुतलेले गाल, दाताची फट. बोटं ओठांवर आली तेव्हा ती थांबली, आणि कासिल्दानं काहीतरी बोलावं म्हणून वाट बघू लागली.

"मीच आहे," कासिल्दा म्हणाली.

बोटांखाली शब्द हलले. तेव्हा कुठे ओब्दुलियानं डोळे उघडले, आणि आवाज आणि तोंड एकाच बाईचे आहेत याची खात्री करून घेतल्यासारखी ती तिच्याकडे बघत राहिली. कासिल्दानं नजर खाली घातली नाही. घरून निघाली त्या दिवसापासून इतका वेळ तिच्याकडे कोणीच बघितलं नव्हतं.